अभिलेख आणि ग्वाही : कान्हेरीच्या शिलालेखांपासून कालिन्याच्या प्रयोगशाळेपर्यंत

१

बोरिवलीच्या पूर्वेस असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतील अनेक दानलेख कोरलेले आहेत. कोणी पाण्याचे टाके खोदवून दिले, कोणी शेत दिले, कोणी भिक्षुसंघाच्या चीवरांसाठी अक्षयनीवी म्हणजे न संपणारी ठेव ठेवली, याची नोंद दात्याच्या नावागावासह तेथे आढळते. हे लेख धर्मश्रद्धेचे निदर्शक आहेत, त्याचप्रमाणे ते व्यवहाराचे दस्तऐवजही आहेत. ज्या अर्थी ठेव कायमची, त्या अर्थी तिचा लेखही कायमचा असला पाहिजे, अशी ते कोरविणाऱ्यांची धारणा दिसते. दगडावरील अक्षर दगडापासून वेगळे करता येत नाही. ते बदलू म्हटले तर छिन्नीचा घाव मागे राहतो, आणि त्याची नक्कल दुसऱ्या कातळावर केली तरी ती मूळ लेख म्हणून कोणी स्वीकारणार नाही.

याच साष्टी बेटाच्या दक्षिण भागात, सांताक्रूझच्या पूर्वेस कालिना येथे, महाराष्ट्र शासनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचे मुख्य कार्यालय आहे. अभ्यासासाठी तेथे येणाऱ्या वस्तूंत रक्ताचे डाग आणि विषाचे अंश यांच्या जोडीला आता भ्रमणध्वनी, संगणकाच्या तबकड्या आणि कॅमेऱ्यांतील स्मृतिपत्रे असतात. या वस्तूंवरील अक्षर डोळ्यांना दिसत नाही. ते क्षणार्धात पुसता येते, आणि त्याची नक्कल इतकी तंतोतंत होते की मूळ कोणते व नक्कल कोणती हा प्रश्नच निरर्थक ठरावा.

कान्हेरी आणि कालिना यांच्यामध्ये सुमारे दोन सहस्र वर्षांचा काळ आहे. त्या काळात लेखनाचे द्रव्य बदलत गेले आणि प्रत्येक बदलागणिक अक्षर आणि द्रव्य यांचा परस्परसंबंध अधिकाधिक शिथिल झाला. जी हमी पूर्वी द्रव्यच देत असे, ती पुढे माणसाला द्यावी लागली. संगणकीय पुरावा गोळा करण्यातील ज्या अडचणी आज तांत्रिक म्हणून गणल्या जातात, त्यांपैकी पुष्कळशा वस्तुतः या हमीच्या स्थलांतरातून उद्भवलेल्या आहेत. हे विधान मुंबई व महाराष्ट्र येथील प्रकरणांच्या आधारे तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२

या विषयात जे शब्द मराठी भाषा नित्य वापरते, त्यांच्याकडे प्रथम पाहणे उपयुक्त ठरेल. ‘साक्षी’ या शब्दाची सिद्धी पाणिनीने ‘साक्षात्’ या अव्ययापासून केली असून त्याचा अर्थ ‘प्रत्यक्ष पाहणारा’ असा दिला आहे. ‘दस्तऐवज’ हा शब्द फारसीतून आलेला असून त्यातील ‘दस्त’ म्हणजे हात. ‘ग्वाही’ हाही फारसीच. आपल्या शब्दाने दुसऱ्याच्या म्हणण्याला आधार देणे हा त्याचा आशय. तात्पर्य, मराठीच्या पुराव्याविषयक शब्दसंपत्तीत एक डोळा आहे, एक हात आहे आणि एक मुख आहे. तिन्ही माणसाचेच अवयव होत.

साष्टी बेट १७३७ पासून मराठ्यांच्या अंमलाखाली आले आणि १७७४ अखेर ते इंग्रजांनी घेतले. त्या काळातील मराठी न्यायव्यवहारात वतनाचा तंटा पडला म्हणजे गोतसभा बसे, वादी-प्रतिवादी आपापला करीना सांगत, आणि अखेर महजर लिहिला जाई. महजरावर जमलेल्या गोताची नावे येत. ज्याला लिहिता येत असे तो स्वहस्ते लिही. ज्याला येत नसे त्याच्या नावापुढे त्याच्या व्यवसायाची निशाणी काढली जाई. पाटलाच्या नावापुढील नांगर अशा कागदांच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे.

कागद हे द्रव्य दगडाइतके भरवशाचे नव्हते. त्यावर मागाहून एखादी ओळ वाढविता येई. लांब कागद अनेक बंद चिकटवून केलेला असल्याने मधला एखादा बंद बदलताही येई. यावर मराठी दफ्तराने जे उपाय योजले ते लक्षणीय आहेत. मजकूर जेथे संपे तेथे मर्यादेची मुद्रा उमटविली जाई. ‘मर्यादेयं विराजते’ ही शिवकालीन मुद्रा याच कामाची. तिच्यापुढे लिहिलेले काहीही मूळ लेखाचा भाग नव्हे, असा तिचा अर्थ. ‘मोर्तब सुद’ हा शेरा त्याच परंपरेतला. लांब कागदाच्या पाठीमागे बंदांच्या सांध्यावर शिक्के मारीत, म्हणजे सांधा उकलला तर शिक्का दुभंगे. कागदाच्या अंगी जी अभेद्यता नव्हती, ती शिक्क्याने आणि शिक्का बाळगणाऱ्या अधिकाऱ्याच्या जबाबदारीने निर्माण केली गेली.

येथे एक गोष्ट मात्र नीट ध्यानात ठेवली पाहिजे. मर्यादेची मुद्रा एवढेच सांगते की, लेख पुरा झाल्यावर त्यात भर पडलेली नाही. लेखातील मजकूर खरा आहे, असे ती सांगत नाही. त्यासाठी गोताची ग्वाहीच लागे. हा भेद पुढे संगणकाच्या संदर्भात फार महत्त्वाचा ठरणार आहे.

३

१ सप्टेंबर १८७२ रोजी भारतीय पुरावा अधिनियम अंमलात आला. त्यात दस्तऐवजाची जी व्याख्या केली होती तिचा सारांश असा : कोणत्याही पदार्थावर अक्षरे, अंक वा खुणा यांच्या साहाय्याने व्यक्त केलेला मजकूर म्हणजे दस्तऐवज. उदाहरणांत धातूच्या पत्र्यावरील आणि दगडावरील लेखाचाही समावेश होता. म्हणजे कान्हेरीचे दानलेख या कायद्याच्या दृष्टीने दस्तऐवजच होत. व्याख्येतील ‘पदार्थावर’ हा शब्द कळीचा आहे. मजकूर कशावर तरी स्थिर झालेला असतो, त्या वस्तूला मूळ म्हणता येते आणि बाकीच्या प्रती दुय्यम असतात, हे त्यातील गृहीत होय. प्राथमिक पुरावा आणि दुय्यम पुरावा या विभागणीची इमारत याच गृहीतावर उभी होती.

पुराव्याची वैज्ञानिक तपासणी मुंबईत याच सुमारास सुरू झाली. मद्रास (१८४९), कलकत्ता (१८५३) आणि आग्रा (१८६४) यांच्यामागून १८७० साली मुंबईत रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा स्थापन झाली. तिचा मुख्य विषय विष हा होता. मृताच्या आतड्यांत सोमल आहे की नाही, हे परीक्षकाने सांगावयाचे आणि न्यायालयाने ते मानावयाचे, ही पद्धत तेथून रुजली. तज्ज्ञ हा घटनेचा साक्षी नसतो. त्याने काहीही पाहिलेले नसते. तरीही वस्तूच्या वतीने तो बोलतो. वस्तूला वाचा देणारा हा मनुष्य पुढे कालिन्याच्या परंपरेचा मूळपुरुष ठरला.

४

अक्षर आणि द्रव्य यांच्या संबंधाला पहिला मोठा तडा ध्वनिफितीने दिला. या बाबतीतील भारतीय कायदा ज्या निर्णयांनी घडविला त्यांतील दोन महत्त्वाची प्रकरणे मुंबईची आहेत.

युसुफअली इस्माईल नगरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात मुंबई महानगरपालिकेच्या एका कारकुनास लाच देऊ करण्याचा आरोप होता. कारकुनाने पोलिसांना कळविले, मायक्रोफोन दडवून ठेवण्यात आला आणि संभाषण फितीवर उतरविले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली असा निर्णय दिला की, एखादे विधान जर प्रस्तुत असेल तर त्याचे अचूक ध्वनिमुद्रणही प्रस्तुत होय. त्याची तुलना छायाचित्राशी करता येईल. परंतु न्यायालय तेथेच थांबले नाही. फीत पुसून पुन्हा वापरता येते, म्हणून असा पुरावा सावधपणे स्वीकारला पाहिजे, असे त्याने बजावले. त्या प्रकरणात फीत मोहोरबंद केलेली नव्हती. ती पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात तशीच राहिली होती. या उणिवेची नोंद न्यायालयाने आवर्जून घेतली. अठराव्या शतकातील दफ्तरदाराला जी चिंता कागदाच्या सांध्याविषयी होती, तीच येथे फितीविषयी प्रकट झाली.

दुसरे प्रकरण मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. यात आरोपी हा मुंबईचा कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारीच होता. १९६४ साली एका रुग्णाच्या मृत्यूच्या चौकशीत संबंधित डॉक्टरांकडून पैसे मागितल्याचा आरोप त्याच्यावर आला. एका डॉक्टरच्या संमतीने त्याच्या दूरध्वनीला ध्वनिमुद्रक जोडून पोलिसांनी संभाषण नोंदविले. १९७२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हा पुरावा ग्राह्य मानला. संभाषण प्रस्तुत असावे, आवाजाची ओळख पटावी आणि फितीत फेरफार झाल्याची शक्यता निरस्त व्हावी, अशा कसोट्या सांगितल्या. या तीनही कसोट्या यंत्राच्या नव्हत, माणसाच्या आहेत. आवाज ओळखणारा कोणी पाहिजे, फीत सांभाळणारा कोणी पाहिजे, आणि दोघांनाही उलटतपासणीला सामोरे जावयास पाहिजे.

५

माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी अंमलात आला आणि त्याच्याबरोबर जुन्या पुरावा अधिनियमात कलम ६५-ब समाविष्ट झाले. संगणकातून काढलेली प्रत मूळ यंत्र न आणताही दाखल करता यावी, मात्र त्यासाठी त्या यंत्राची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने सही केलेले प्रमाणपत्र जोडावे, असे या कलमाचे स्वरूप होते. त्याचे शब्द बव्हंशी इंग्लंडच्या १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्यातील पाचव्या कलमावरून घेतलेले होते. विशेष हे की, इंग्लंडने ते कलम १९९५ च्या कायद्याने रद्द केले होते, आणि फौजदारी खटल्यांतील तत्सम तरतूदही २००० साली संपुष्टात आणली होती. भारताने एका हाताने जे स्वीकारले, ते इंग्लंड त्याच वेळी टाकून देत होते.

यावरून भारतीय कायदा कालबाह्य झाला होता असे अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु इंग्लंडमध्ये पुढे काय घडले ते पाहिले म्हणजे तो मोह आवरावा लागतो. तरतूद रद्द झाल्यावर, उलट काही दाखविले जाईपर्यंत संगणक बरोबर चालत होता असेच गृहीत धरले जाऊ लागले. ब्रिटिश टपालखात्याच्या ‘होरायझन’ नावाच्या हिशेबप्रणालीत दोष होते. ती जी तूट दाखवी ती चोरीच होय असे मानून १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक उपटपालचालकांना दोषी ठरविण्यात आले. अखेर २०२४ साली ब्रिटिश संसदेला स्वतंत्र कायदा करून बहुसंख्य शिक्षा एकत्रितपणे रद्द कराव्या लागल्या. यंत्राच्या मागे उत्तर देणारा मनुष्य उभा करण्याची अट काढून टाकली की काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

भारतातही या अटीचे भवितव्य दीर्घकाळ डोलायमान राहिले. २००५ मध्ये संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्राविनाही दूरध्वनीच्या नोंदी स्वीकारता येतील असे म्हटले. २०१४ मध्ये केरळातील एका निवडणूक-वादात ते मत फिरविले जाऊन प्रमाणपत्र अनिवार्य ठरले. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने, यंत्र ज्याच्या ताब्यात नाही त्याला ही अट लागू नाही, असे सांगून ती पुन्हा सैल केली. या गोंधळाचा निरास ज्या प्रकरणाने झाला ते महाराष्ट्रातील आहे.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल आणि एक मतदार यांनी या निवडीस आव्हान दिले. खोतकर यांचे नामनिर्देशनपत्र २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीन वाजेपर्यंतच्या मुदतीत दाखल झाले नव्हते, हा त्यांचा मुद्दा. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात चित्रीकरणाची व्यवस्था होती. म्हणजे घटिका-पळांचा साक्षी यंत्ररूपाने तेथे हजर होता. न्यायालयाच्या आदेशाने चित्रीकरणाच्या तबकड्या दाखल झाल्या. पण वारंवार मागणी करूनही संबंधित अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्र मात्र दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याची तोंडी साक्ष पुरेशी मानली आणि २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवड रद्द केली.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने न्यायालयात आणून सिद्ध केले तर प्रमाणपत्र नको; अन्यथा ते अनिवार्य, आणि तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही, असे पीठाने ठरविले. मात्र पक्षकाराने सर्व प्रयत्न करूनही प्रमाणपत्र मिळाले नाही तर, कायदा अशक्य गोष्टीची सक्ती करीत नाही या तत्त्वानुसार त्याला सूट मिळेल. जालन्याच्या प्रकरणात ती मिळाली आणि खोतकर यांची अपिले फेटाळली गेली. परंतु ज्या विधानसभेच्या जागेचा हा वाद, तिची मुदत २०१९ मध्येच संपली होती आणि नव्या निवडणुकीत गोरंट्याल निवडूनही आले होते. एका सहीच्या कागदाअभावी निर्माण झालेला प्रश्न सुटेपर्यंत त्या प्रश्नाचा विषयच उरला नव्हता. कार्यालयाने वेळीच ग्वाही दिली असती तर एका मतदारसंघाच्या प्रतिनिधित्वाचा निकाल कदाचित त्याच्या मुदतीतच अंतिमतः लागला असता.

६

येथवर पुरावा दाखल करण्याचा विचार झाला. गोळा करण्याची अडचण याच्याही आधीची आहे आणि मुंबईच्या उपनगरांनी ती जवळून पाहिली आहे.

२००८ च्या जुलै ते सप्टेंबर या काळात अहमदाबाद व दिल्ली येथील बाँबस्फोटांच्या संदर्भात प्रसारमाध्यमांना जे ई-मेल पाठविले गेले, त्यांचा माग मुंबई परिसरात येऊन पोहोचला. पहिला नवी मुंबईतील सानपाडा येथील एका परदेशी रहिवाशाच्या घरातील जोडणीवरून, दुसरा माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयातून आणि तिसरा चेंबूर येथील एका खाजगी कंपनीच्या कार्यालयातून गेल्याचे आढळले. प्रत्यक्षात या तिन्ही ठिकाणच्या बिनतारी जोडण्यांचा वापर बाहेरच्यांनी केला होता. संगणकजालातील पत्ता हा जोडणीचा पत्ता असतो, लिहिणाऱ्याचा नव्हे. घराचे दार उघडे असल्यास ओसरीवर बसून कोणीही पत्र लिहून जावे, तसा हा प्रकार. पूर्वीच्या पत्राला निदान हस्ताक्षर तरी असे.

पत्ता आणि माणूस यांतील हे अंतर किती घातक ठरू शकते, हे त्याआधी एक वर्ष पुण्याच्या एका तपासात दिसले होते. छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी ऑगस्ट २००७ मध्ये बंगळुरूच्या एका तरुण अभियंत्यास अटक केली. दूरसंचार कंपनीने त्या पत्त्याच्या वापरकर्त्याची जी माहिती पुरविली होती ती चुकीची होती. चूक उघडकीस येऊन त्याची सुटका होईपर्यंत सुमारे पन्नास दिवस तो तुरुंगात राहिला. येथे यंत्राने खोटे सांगितले नव्हते. यंत्राच्या नोंदीतून नाव काढून देणाऱ्या माणसाचा शब्द कोणी पडताळून पाहिला नव्हता.

अशा नोंदींना आयुष्यही मर्यादित असते. दूरसंचार परवान्यांच्या अटींनुसार त्या जपण्याची मुदत दीर्घकाळ एक वर्षाची होती. डिसेंबर २०२१ मध्ये ती दोन वर्षांची करण्यात आली. खटले याहून पुष्कळ अधिक काळ चालतात. म्हणूनच जालना निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने असा आदेश दिला की, तपासादरम्यान ज्या काळाच्या नोंदी जप्त होतील त्या कंपन्यांनी वेगळ्या व सुरक्षित ठेवाव्या. दगड आपोआप टिकतो. ही अक्षरे कोणी जाणीवपूर्वक राखली तरच टिकतात.

प्रत्यक्ष जप्तीची क्रियाही पूर्वीसारखी सरळ राहिलेली नाही. चाकू उचलून पाकिटात घातला तर तो चाकूच राहतो. संगणकाचे तसे नाही. तो चालू असताना त्याच्या तात्पुरत्या स्मृतीत जे असते ते वीज तोडताच नाहीसे होते. नुसती एखादी फाईल उघडून पाहिली तरी तिच्याशी निगडित वेळेच्या नोंदी बदलू शकतात. भ्रमणध्वनी जाळ्याशी जोडलेला राहिला तर दूरवरून कोणी तो रिकामा करू शकतो, म्हणून तो लहरी अडविणाऱ्या पिशवीत ठेवावा लागतो. प्रयोगशाळेत मूळ तबकडीवर काम करीत नाहीत. तिच्यावर काहीही लिहिले जाऊ नये असे लेखनरोधक उपकरण मध्ये घालून तिची कणाकणाची प्रत, जिला तज्ज्ञ ‘इमेज’ म्हणतात, काढली जाते आणि परीक्षण त्या प्रतीवर होते.

मूळ आणि प्रत एकच आहेत हे दाखविण्यासाठी ‘हॅश मूल्य’ काढतात. तबकडीवरील समग्र मजकुरावर ठराविक गणिती प्रक्रिया केली असता एक निश्चित लांबीची संख्या मिळते; मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी ती संख्या ओळखू न येण्याइतकी पालटते. ही या युगाची मर्यादेची मुद्रा होय. आणि मुद्रा म्हटली की तिची बनावटही आलीच. ‘एम-डी-५’ या प्रक्रियेत दोन भिन्न मजकुरांना एकच मूल्य मिळू शकते हे २००४ मध्ये, आणि ‘शा-१’ बाबत तेच २०१७ मध्ये जाहीरपणे सिद्ध करण्यात आले. त्यामानाने ‘शा-२५६’ आजवर अभंग राहिली आहे.

तथापि हॅश मूल्य कितीही निर्दोष असले तरी महजराच्या मुद्रेला जी मर्यादा होती तीच त्यालाही आहे. ते काढल्यानंतर फेरफार झाला नाही एवढेच ते सांगते. त्यापूर्वी काय घडले याविषयी ते मूक असते. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भीमा-कोरेगाव प्रकरणात जप्त केलेल्या संगणकांसंबंधीचा वाद याच सीमेवरचा आहे. बचाव पक्षाच्या वतीने तबकडीची प्रत तपासणाऱ्या ‘आर्सेनल कन्सल्टिंग’ या अमेरिकन संस्थेने फेब्रुवारी २०२१ मध्ये असा अहवाल दिला की, जप्तीपूर्वीच ‘नेटवायर’ नावाच्या घुसखोर प्रणालीद्वारे त्या संगणकात फाईली ठेवल्या गेल्या होत्या. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हा निष्कर्ष अमान्य केला. खरे काय ते ठरविणे खटल्यातील न्यायाधीशांचे काम होय. येथे एवढेच नोंदवावयाचे की, हा वाद तज्ज्ञांच्या पातळीवर उभा राहू शकला तो प्रतीची पद्धत होती आणि ती प्रत आरोपींनाही मिळाली म्हणूनच.

७

१ जुलै २०२४ पासून १८७२ च्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. दस्तऐवजाच्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक व अंकीय अभिलेखांचा स्पष्ट समावेश झाला. एकच अभिलेख अनेक फाईलींत साठविला गेला असेल तर त्यांपैकी प्रत्येक फाईल प्राथमिक पुरावा मानावी, असेही त्यात म्हटले आहे; म्हणजे मूळ एकच असते हे दीडशे वर्षांचे गृहीत कायद्यानेच सोडून दिले. मात्र माणसाची ग्वाही सोडलेली नाही, उलट वाढविली आहे. कलम ६३ खालील प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. पहिला पक्षकाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असून, दोहोंत हॅश मूल्य नमूद करावयाचे आहे. नमुन्यात ‘शा-२५६’च्या जोडीला ‘एम-डी-५’ आणि ‘शा-१’ यांनाही स्थान मिळालेले आहे, ही गोष्ट मात्र चिंत्य आहे. ज्या मुद्रेची बनावट करता येते हे जगजाहीर झाले, ती नव्या दफ्तरात चालू ठेवण्याचे प्रयोजन दिसत नाही.

सोबतच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे चित्रीकरण आवश्यक केले आहे, आणि सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे. मुंबईत सायबर गुन्ह्यांसाठी प्रादेशिक विभागवार स्वतंत्र पोलीस ठाणीही झाली आहेत. परंतु अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा कुर्ला येथील दंडाधिकाऱ्यांसमोर जो पहिला कागद जातो तो अजून पंचनामाच असतो, आणि या सर्व व्यवस्थेतील सर्वांत दुर्बळ सांधा बहुधा तोच आहे.

पंचनामा हा गोतसभेच्या ग्वाहीचा आजचा वंशज. त्याची मराठी भाषा दृश्य वस्तूंच्या वर्णनासाठी घडली आहे : रंग, लांबी-रुंदी, कंपनीचे नाव, अंदाजे किंमत. ‘काळ्या रंगाचा, काचेस तडा गेलेला मोबाईल’ हे वर्णन पंच निःशंकपणे करू शकतात, कारण ते त्यांनी साक्षात् पाहिलेले असते. परंतु पुरावा काळ्या रंगात नसतो. यंत्र चालू होते की बंद, घड्याळ कोणती वेळ दाखवीत होते आणि ती खऱ्या वेळेशी जुळत होती काय, जाळ्याशी जोडणी होती काय, मूल्य कोणत्या प्रक्रियेने, कोणी, किती वाजता काढले, या गोष्टी पंचांना समजतील अशा मराठीत लिहिल्या गेल्या पाहिजेत. ज्या चौसष्ट चिन्हांच्या संख्येखाली पंच सही करतात, ती संख्या कसली आहे हे त्यांना ठाऊक नसेल, तर ती सही ग्वाही नसून केवळ शाई होय. महजरावर नांगर काढणाऱ्या पाटलाला अक्षरे येत नसत. पण आपण कोणत्या गोष्टीची ग्वाही देत आहोत हे त्याला पक्के माहीत असे.

हे काम केवळ पोलिसांचे किंवा प्रयोगशाळेचे नाही. वतनाच्या वादासाठी, जमिनीच्या मोजणीसाठी, जमाखर्चासाठी मराठीने पूर्वी काटेकोर परिभाषा निर्माण केली होती, आणि ती दफ्तरात बसलेल्या कारकुनांपासून गावच्या बलुतेदारांपर्यंत सर्वांना कळत होती. अदृश्य अक्षराच्या जप्तीसाठी तशी परिभाषा अद्याप घडलेली नाही. ती घडविण्यास भाषेच्या अभ्यासकांनी, तपासी अधिकाऱ्यांनी आणि कालिन्यासारख्या ठिकाणच्या वैज्ञानिकांनी एकत्र बसावे लागेल. पन्नास दिवस निष्कारण तुरुंगात काढणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा परिभाषेचा प्रश्न मुळीच गौण नव्हता. तपास पत्त्यापाशी थांबतो की माणसापर्यंत पोहोचतो, हे पुष्कळदा त्या पहिल्या कागदावर काय लिहिले गेले यावरच ठरते.